पुराव्याची साखर

"वजनं उचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निरीक्षकसाहेबांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. वजनमापे खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. बाजारातली वजनं त्यांनी उलटी करून पाहिली होती, बुडाशी शिसं कमी भरलेलं सापडलं की भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडला होता. पण वजन उचलायचं ते शिपायानं. साहेबांनी काट्याकडे बघायचं. इतक्या वर्षांत ह्या वाटणीत कधी फरक पडला नव्हता.

"म्हणजे मी स्वतः?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या कुणी उचलली तर साखर त्याची उतरेल."

शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको बसली होती. ती खिडकीबाहेर बघून हसली, हे साहेबांना तिच्या पाठीवरून कळलं.

"पण मी रोज फिरायला जातो," साहेब म्हणाले. "न चुकता."

"किती वेगानं?"

"रस्त्यात भेटेल त्याच्याशी नीट बोलता येईल इतक्या," बायकोनं परस्पर उत्तर दिलं.

डॉक्टरीणबाई साहेबांच्या मुलीच्या वयाच्या होत्या, त्यामुळे त्यांचं ऐकणं अवघड होतं आणि न ऐकणं त्याहून अवघड. त्या म्हणाल्या, "हे बघा काका, फिरणं चांगलंच आहे, ते सोडू नका. पण स्नायू म्हणजे रक्तातल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. वय वाढतं तशी ही गिऱ्हाइकं कमी होत जातात आणि माल रस्त्यावर पडून राहतो. वजनं उचललीत, की गिऱ्हाइकं वाढतात, आणि जी आहेत ती जास्त माल उचलतात. आठवड्यातून दोन-तीनदा करा, मधे एकेक दिवस सोडून. झेपेल तेवढ्यानं सुरुवात करा. जोर लावताना श्वास रोखायचा नाही. आणि एक लक्षात ठेवा, उपाशीपोटी करायचं नाही. तुमची गोळी साखर खाली ओढणारी आहे."

हे सगळं साहेबांनी ऐकलं असतं. पण पुढचं वाक्य असं आलं, की मागचं सगळं पुसून गेलं.

"तीन महिन्यांनी साखरेची सरासरी पुन्हा तपासू. आत्ता साडेआठ आहे. खाली आली नाही, तर इन्शुलिनचा विचार करावा लागेल."

निरीक्षकसाहेब भित्रे नव्हते. भर बाजारात अंगावर धावून आलेल्या माणसाला त्यांनी "आधी काटा दाखवा" असं सांगून थंड केलं होतं. पण सुईपुढे त्यांचं काही चालत नसे. रक्त काढताना ते छताकडे बघत नर्सच्या घरच्या सगळ्यांची चौकशी करायचे. आणि ही सुई रोजची, आपल्याच हातानं, आपल्याच पोटात! घरी परतताना बायकोनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. गिऱ्हाइकांचा विचार करतोय."

दुसऱ्या दिवशी बायकोनं दोन बाटल्यांत पाणी भरून त्यांच्या हातात दिलं. "घ्या. एकेक लिटर आहे. खांद्याइतक्या वर न्या, खाली आणा."

साहेबांनी बाटल्या तळहातांवर तोलल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "डावी हलकी आहे."

"अहो, पाणी आहे ते."

"पाण्यालाही वजन असतं." त्यांनी स्वयंपाकघरातला काटा मागवला. डावी बाटली खरंच थोडी कमी भरली होती. मग तो काटा तरी बरोबर आहे का, हा प्रश्न आला. तो तपासायला प्रमाण वजन हवं, आणि ते ऑफिसात. त्या दिवशीचा व्यायाम तिथेच संपला. बायको म्हणाली, "तुमच्या हातून साखर उतरायची ती चौकशी पूर्ण झाल्यावरच."

समोरच्या दारात एक निवृत्त बँक-मॅनेजर राहत. निवृत्तीनंतर माणसाला एक छंद हवा म्हणतात, त्यांना सल्ल्याचा होता. दार उघडायचा आवाज आला, की ते आपलं दार उघडत. "कळलं मला," ते म्हणाले. भिंती पातळ असल्यानं त्यांना सगळंच कळायचं. "साखर म्हणजे काय, तर शिल्लक. भरणा जास्त, उचल कमी. उचल वाढवा! पण घरात बाटल्या कसल्या हलवता? जिममध्ये जा. मोठी शाखा गाठा."

साहेब जिममध्ये गेले. आत सगळीकडे आरसे होते, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे एक पोट सुटलेला, इस्त्रीच्या पँटमधला गृहस्थ त्यांच्याकडे संशयानं बघत होता. शिकवणाऱ्या दणकट पोरानं "अंकल, आधी हलक्यापासून" म्हणत त्यांच्या हातात लोखंडी चकती दिली. चकतीवर पाचचा आकडा कोरला होता. साहेबांनी ती हातात घेतली, जरा वर-खाली केली, उलटी केली, नखानं कडेचा रंग खरवडला.

"ही पाच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"साडेचार. फार तर चार सहाशे. छाप कुठे आहे हिच्यावर? शेवटची पडताळणी कधी झाली?"

ते ह्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी रांगेतल्या दुसऱ्या चकत्याही उचलायला सुरुवात केली, आणि प्रत्येक चकतीचा निकाल मोठ्यानं देऊ लागले. एक तरणाबांड गडी छाती काढून शंभर किलो उचलत होता. साहेबांनी त्याच्या बाजूच्या चकत्या तपासून त्याला सांगितलं, "आपले शंभर नाहीत. ब्याण्णवच्या आसपास समजा." त्या गड्याचा चेहरा असा पडला, की मालक आतून धावत आला.

"काका, तुम्ही व्यायामाला आलात की धाड घालायला?"

साहेब म्हणाले, वजन दाखवून माल विकला तरच आमचा कायदा लागतो, इथे तुम्ही माल विकत नाही, त्यामुळे तूर्त तुम्ही सुटलात. ही त्यांच्या मते दिलाशाची गोष्ट होती. मालकानं त्यांना दारापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं.

आता राहिलं ऑफिस.

ऑफिसच्या मागच्या अंगाला भांडार होतं. तिथे जप्त केलेली वजनं गोण्यांत भरून ठेवलेली असत. झिजलेली, पोखरलेली, बुड कोरून पोकळ केलेली. खटला संपला, की ती वितळवायला जात. कपाटांत कमी भरलेल्या मालाच्या सीलबंद पुड्या असत, पुरावा म्हणून. ह्या राज्याचा राजा होता भांडारपाल. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि कुठल्याही मागणीला पहिलं उत्तर "जमणार नाही."

"पडून असलेली दोन-चार वजनं घरी न्यायची होती," साहेब त्याला म्हणाले. "व्यायामाला."

"जमणार नाही, साहेब. वजनं खरी असतील तर आपण ती जप्त का केली? आणि खोटी असतील तर बाहेर कशी सोडायची?"

हाच युक्तिवाद त्यांनी स्वतः भांडारपालाला शिकवला होता. त्यांनी मोठ्या साहेबांकडे रीतसर अर्ज केला. अर्ज बरेच दिवस ह्या टेबलावरून त्या टेबलावर हिंडला. प्रकृतीच्या कारणाची वजनं रजा विभागात मोडतात की मालमत्तेत, ह्यावर बराच खल झाला, आणि शेवटी शेरा आला: 'अर्जदाराने वजने जागेवरच उचलावीत.'

तेव्हापासून दिवसाआड, दुपारचा डबा खाऊन थोडा वेळ गेला, की निरीक्षकसाहेब भांडारात जाऊन दार लोटून घेऊ लागले. एका हातात दोन किलो, दुसऱ्या हातात दोन किलो. खुर्चीवरून उठायचं, बसायचं. वजनं खांद्यापर्यंत न्यायची, सावकाश खाली आणायची. पहिल्या आठवड्यात त्यांना जिना उतरता येईना, दोन्ही हात डोक्यापर्यंत पोचेनात, आणि बायकोनं त्यांचे केस विंचरून दिले. "हे गिऱ्हाइकं वाढवणं म्हणायचं, की दुकान बंद पाडणं?" त्यांनी कण्हत विचारलं. पण माणूस हट्टी. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "ओझं थोडं कमी करा, पण सोडू नका." त्यांनी सोडलं नाही.

ऑफिसात गोष्ट लपत नाही. लोटलेल्या दाराच्या फटीतून आधी डोळे आले, मग सल्ले. "साहेब, कंबर सरळ." "साहेब, श्वास सोडा." एक दिवस भांडारपाल स्वतःच आत आला, इकडेतिकडे बघून म्हणाला, "मलाही आहे. गेल्या वर्षीपासून," आणि किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवून त्यानं एक-एक किलोची दोन वजनं घेतली. कंबरेचं ओझं उतरवून हातात घेतलं, एवढाच काय तो फरक.

असं सुरळीत चाललं असताना साहेबांच्या अंगातला निरीक्षक पुन्हा जागा झाला. परिणाम मोजायला नको? बोट टोचायचं यंत्र बायकोनं आणलं होतं. टोचणं आलं म्हणून साहेबांनी ते इतके दिवस कपाटातच ठेवलं होतं. एका दुपारी त्यांनी मन घट्ट करून व्यायामाआधी भांडारपालाकडून एकदा टोचून घेतलं. जरा जास्तच वजनं उचलली, घामाघूम होऊन बसले, भांडारपालाला म्हणाले, "आता पुन्हा टोच. मी छताकडे बघतो." टोचलं. व्यायामाआधी होती त्याहून साखर वर!

साहेबांचा चेहरा त्या जिममधल्या गड्यासारखा झाला. त्यांनी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "आम्ही इकडे मरमर उचलतोय आणि ही चढतेय! हा काय प्रकार आहे?"

"फार जोर लावलात ना? मग चढते कधीकधी. शरीराला वाटतं, संकट आलं. यकृत आपल्याकडचा साठा बाहेर काढतं. तासा-दोन तासांनी बघा, उतरलेली असेल. आणि काका, खरा फायदा पुढचे दोन दिवस चालतो. टोचून लगेच दिसत नाही तो."

दोन तासांनी पाहिलं, उतरली होती. साहेब समाधान पावले. पण संध्याकाळी समोरचं दार उघडलं.

"चढणारच!" बँक-मॅनेजर म्हणाले. "उचल करायच्या आधी डबा खाता की नाही? म्हणजे आधी भरणा आणि मग उचल. शिल्लक कमी व्हायची कशी? साधं गणित आहे. डबा मागाहून खा, नाहीतर खाऊच नका."

साधं गणित माणसाला फार लवकर पटतं. डॉक्टरीणबाईंनी उपाशीपोटी नको म्हणून सांगितलं होतं, पण पाठोपाठ आलेल्या सुईनं ते साहेबांच्या डोक्यातून पुसून टाकलं होतं. शिवाय एकदा भरलेला फॉर्म आणि एकदा घेतलेला सल्ला पुन्हा वाचायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सकाळी गोळी घेतली, न्याहारी घाईत अर्धीच केली, आणि दुपारी डबा न उघडताच भांडारात गेले. भांडारपाल चहाला गेला होता. बाहेरच्या बाकावर एक दुकानदार बसला होता. साहेबांनीच त्याच्यावर कारवाई केली होती. त्याची वजनं बुडाशी पोकळ निघाली होती आणि किलोच्या म्हणून विकायच्या साखरेच्या पुड्या कमी भरल्या होत्या. "वजनं झिजली, साहेब," असं त्याचं म्हणणं. "माणूस झिजतो, लोखंड झिजणार नाही?" आज तो सुनावणीची तारीख विचारायला आला होता. लोटलेलं दार जरा ढकलून त्यानं आत डोकावलं.

"साहेब, हे तर माझं पाच किलो."

"होतं," साहेब वजन खांद्याकडे नेत म्हणाले.

"हलकं आहे ना? मग तुम्हाला बरंच आहे की."

साहेबांनी ह्या उद्धटपणाला उत्तर द्यायचं ठरवलं, पण शब्द सापडेना. आधी त्यांना वाटलं, राग आला म्हणून. हात थरथरत होते. पाठीवरून थंडगार घाम ओघळत होता. समोरच्या कपाटावरचा नंबर दोन-दोन दिसायला लागला, आणि त्यांना त्या कपाटाचा विलक्षण संताप आला. "नीट उभं राहा!" ते कपाटावर ओरडले.

दुकानदार एकदम आत आला. त्यानं साहेबांच्या हातातून वजन काढून घेतलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. "साहेब, जेवलात का?"

"तुमचा... संबंध नाही."

"गोळी घेता ना साखरेची? मीही घेतो. दोनदा पडलोय असा, म्हणून ओळखलं. गोड काय आहे इथे? चटकन सांगा."

गोड काही नव्हतं. ह्या मजल्यावर ज्यांना साखर होती त्यांनी गोड सोडलं होतं, आणि ज्यांना नव्हती त्यांनी भीतीनं. दुकानदाराची नजर कपाटाकडे गेली. वरच्या फळीवर त्याचीच पुडी होती. लाखेचं सील, दोऱ्याची गाठ, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. त्यानं ती खाली काढली.

निरीक्षकसाहेब त्या अवस्थेतही अर्धे उठले. "हात लावू नका! तो पुरावा आहे!"

"माझ्याविरुद्धच आहे ना? मग माझी हरकत नाही."

"पंचांशिवाय... सील..."

"मीच पंच. तोंड उघडा." त्यानं दातांनी दोरा तोडला, पुडी फाडली आणि मूठभर साखर साहेबांच्या तोंडात कोंबली. भरीला बाटलीतलं पाणी. "चावा. गिळा. आणखी थोडी."

कित्येक वर्षांत साहेबांनी साधी, कोरडी साखर जिभेवर ठेवली नव्हती. दाढेखाली ती कुरकुरली आणि विरघळली, आणि आपण कायदा मोडतोय ही जाणीव पूर्ण शाबूत असतानाही त्यांना ती इतकी चांगली लागली, की डोळ्यांत पाणी आलं. हळूहळू कपाट दोनाचं एक झालं. थरथर थांबली. दुकानदार त्यांच्यासमोर उकिडवा बसून चेहऱ्याकडे बघत होता.

"आता डबा काढा," तो म्हणाला. "ही नुसती तात्पुरती सोय. पोटात अन्न पडल्याशिवाय मी जायचा नाही."

साहेब मुकाट्यानं जेवले. आपण ज्याला पकडलं त्याच्या पहाऱ्यात जेवायची त्यांची ही पहिलीच वेळ.

भांडारपाल चहाहून आला आणि फाटलेली पुडी बघून जागच्या जागी थिजला. हकिगत कळल्यावर त्यानं आधी साहेबांची नाडी बघितली आणि मग दार लावलं. हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, घाबरू नका. पुडी मुळात कमीच होती. आता अजून थोडी कमी झाली, इतकंच. नवं सील लावून टाकू. केस उलट जास्त पक्की होईल!"

दुकानदारानं फाटलेल्या पुडीकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

त्या संध्याकाळी साहेबांनी बायकोला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, पुरावा खाल्ल्याचं ऐकून ती हादरेल. तिनं ते ऐकलंच नाही.

"डबा उघडला नाहीत?" ती म्हणाली. "मी भरलेला डबा तसाच ठेवून तुम्ही लोखंड उचलत बसलात? आणि तो माणूस तिथे नसता तर?" ती उठून आत गेली, बराच वेळ नळ सोडून तिथे उभी राहिली. मग बाहेर येऊन तिनं समोरचं दार वाजवलं. बँक-मॅनेजरांनी नेहमीच्या उत्साहानं दार उघडलं. बायको शांतपणे म्हणाली, "तुमच्या सल्ल्याचं आमचं खातं आजपासून बंद. शिल्लक असेल ती तुमच्याकडेच राहू द्या." आणि परत आली. दुसऱ्या बाजूनं दार लागल्याचा आवाज अगदी हळू आला.

रात्रीचं जेवण झाल्यावर साहेब म्हणाले, "गप्प राहिलो, तर त्याच्या माथी मी खाल्लेली साखरही लागेल."

"मग विचार कसला करताय?"

"अब्रूचा."

"ती आहे ना तुमची? मग लिहा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या साहेबांपुढे लेखी अहवाल ठेवला. 'तपासणीसाठी सीलबंद ठेवलेल्या साखरेपैकी काही साखर निम्नस्वाक्षरीकाराने प्रकृतीच्या कारणास्तव खाल्ली. सबब पुडीचे आजचे वजन विचारात घेऊ नये.'

मोठ्या साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"अहो, ह्या खात्यात इतक्या वर्षांत कुणी काही खाल्लं नाही असं नाही," ते म्हणाले. "पण लेखी कळवणारे तुम्ही पहिलेच."

साहेबांनी मान खाली घातली.

"ही तुमची चूक म्हणून लिहू, की भूक म्हणून?"

"आधी चूक, मग भूक," साहेब म्हणाले. "क्रम तसाच होता."

बातमी तोपर्यंत साऱ्या इमारतीत पसरली होती. साहेब जिन्यात दिसले, की लोक अदबीनं बाजूला होत आणि वळणावर गेले की हसत. कुणी म्हणे, पुढच्या वेळी तेलाची केस करा. कुणी म्हणे, काजू-बदामांचीच धाड मागून घ्या. ज्या माणसाला लोक पाठीमागे 'तंतोतंत' म्हणत, त्याला आता 'मूठभर' म्हणू लागले. साहेबांना हे लागलं. पण दिवसाआड डबा खाऊन, थोडा वेळ जाऊ देऊन, ते भांडारात जात राहिले. हसणाऱ्यांतले दोघं-तिघं काही दिवसांनी हळूच आत येऊन उभे राहिले.

सुनावणीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी जप्तीच्या वेळच्या पंचनाम्यातलं वजन ग्राह्य धरलं आणि दुकानदाराला विचारलं, "हे मान्य आहे? पुडी फुटलेली आहे, हरकत घेता येईल तुम्हाला."

सगळ्यांचं लक्ष दुकानदाराकडे. नाही म्हणाला असता तर केस तिथल्या तिथे ढासळली असती, आणि निरीक्षकसाहेबांवर चौकशी लागली असती. दुकानदारानं टोपी हातात फिरवली.

"मान्य आहे," तो म्हणाला. "पुडी कमीच होती, साहेब. वजनं झिजली म्हणतो मी, पण झिजलेली मला कळत होती. साहेबांनी खाल्ली ती वेगळी. ती मी दिली."

दुकानदाराला कायद्यात बसेल तेवढी शिक्षा झाली. निरीक्षकसाहेबांना लेखी ताकीद मिळाली, की 'यापुढे पुराव्याचे सेवन करू नये.' आणि जाता जाता मोठ्या साहेबांनी वजनं वितळवायचा हुकूम काढला.

त्याच आठवड्यात तपासणी होती. नर्सनं सुई काढली, साहेबांनी छताकडे पाहिलं. निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो आधी स्वतःशी वाचला.

"सात पूर्णांक सात."

"म्हणजे उतरली?" बायकोनं विचारलं.

"चांगली उतरली. सगळीच काही वजनांची करामत नाही हं, जेवणाच्या वेळा सांभाळल्यात त्याचंही आहे. आणि त्या दिवसानंतर मी गोळी कमी केली, तरी उतरली, हे विशेष. अजून खाली यायला हवी. पण इंजेक्शनचं तूर्त राहू द्या."

बायकोनं पदरानं चेहरा पुसला आणि म्हणाली, "उकडतंय नाही?" उकडत नव्हतं. साहेब खुर्चीच्या हातावर बोटं घट्ट धरून बसले होते, ती त्यांनी एकेक करून सोडली.

वजनं न्यायला गाडी आली, त्या दिवशी नेमके हमाल आले नव्हते. भांडारपाल सवयीनं म्हणाला, "आज जमणार नाही." पण हुकुमाची मुदत संपत होती. दुकानदारही आला होता, नियमाप्रमाणे स्वतःची वजनं जाताना बघायला. निरीक्षकसाहेबांनी बाह्या सारल्या. वजनं थोडी थोडी करून लहान गोण्यांत भरली आणि पहिली गोणी त्यांनीच उचलली. शिपाई "साहेब, साहेब" करत मागे धावला. साहेब जिना उतरले, गोणी गाडीत टाकली आणि दुसरी न्यायला वर आले. वर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला धाप लागलेली नाही. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. फक्त पुढची गोणी जरा जास्त भरली.

गाडी निघून गेली. भांडाराच्या कोपऱ्यात नुसती गोल गोल डागांची फरशी उरली. दुकानदार कपाळ पुसत म्हणाला, "आता साहेब, तुम्ही उद्यापासून काय उचलणार?"

साहेबांनी ह्याचा विचारच केला नव्हता.

"माझ्या दुकानात या," दुकानदार म्हणाला. "धान्याच्या पिशव्या आहेत, पाचाच्या, दहाच्या. मलाही डॉक्टरांनी तेच सांगितलंय, पण एकट्याला कंटाळा येतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वेळेवर खाऊन, निरीक्षकसाहेब दुकानात शिरले. त्यांना बघून दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या पिशव्या दुकानदाराकडे परत दिल्या आणि पुन्हा मोजायला सांगितल्या. दुकानदार हसला नाही. काउंटरवर नवा, छाप मारलेला काटा होता. मागच्या खोलीत पिशव्यांची थप्पी. साहेबांनी वरची पिशवी दोन्ही हातांनी धरली, गुडघे वाकवले, श्वास सोडत सावकाश उचलली आणि छातीशी धरून क्षणभर थांबले.

दुकानदारानं स्वतःचा श्वास रोखला होता. न राहवून त्यानं काट्याकडे बोट केलं. "तोलून बघायची ना, साहेब?"

"तोलली की आत्ताच," साहेब म्हणाले. "दहा आहे. भरपूर दहा. तुम्ही घ्या ती दुसरी."